वंशाचा रकाना आणि त्याची किल्ली

प्रति,
देशोदेशीच्या जनगणना कार्यालयांत प्रश्नावली ठरवणारे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

जनगणनेचं नवं जागतिक आवर्तन सुरू झालं आहे. संयुक्त राष्ट्रांनी ते २०२५ ते २०३४ असं धरलंय, म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या टेबलावर आज प्रश्नावलीचा मसुदा असणार. त्यातल्या एका प्रश्नापाशी बैठका अडत असतील: नागरिकांना त्यांचा वंश, त्यांचा वांशिक गट विचारायचा की नाही? हे पत्र त्याबद्दलच आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. विचारा. पण उत्तर ज्या कपाटात जाणार त्याची किल्ली कुणाकडे राहील, हे विचारण्याआधी सांगा. आजवरच्या वादात सगळी शाई विचारायचं की नाही यावरच खर्ची पडली आहे. किल्लीबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मी संख्याशास्त्रज्ञ नाही. उमेदीच्या काळात काही वर्षं एका सर्वेक्षणाचे भरून आलेले अर्ज तपासायचं काम केलं, एवढाच माझा अधिकार. गट विचारणाऱ्या प्रश्नाखाली सात-आठ चौकोन, शेवटी 'इतर', आणि त्यापुढे एक रेघ. त्या रेघेवर लोक काय काय लिहायचे! कुणी आईचा गट आणि वडिलांचा गट मध्ये तिरकी रेघ मारून लिहायचं. कुणी नुसतंच 'माणूस'. एका अर्जावर तीनदा खोडून चौथ्यांदा काहीतरी लिहिलं होतं आणि तिथे कागद पेनाने फाटला होता. आम्हाला वरून सूचना होती की 'इतर'चं प्रमाण फार दिसता कामा नये, जवळच्या गटात ढकला. मी आडनाव बघून ढकलायचो. जेवणाच्या सुट्टीआधी पन्नास अर्ज हातावेगळे करायचे असत, त्यामुळे त्या फाटक्या कागदालाही मी एक आकडा देऊन टाकला. कोणता दिला ते आता आठवत नाही. ते न आठवणंच अजून टोचतं.

तुमच्या कार्यालयांचा इतिहास याहून फार वेगळा नाही. अमेरिकेच्या १९२०, १९३० आणि १९४०च्या खानेसुमारीत 'हिंदू' हा चक्क एक वंश होता. भारतातून गेलेला माणूस शीख असो की मुसलमान, कागदावर तो 'हिंदू'. १९७० साली हीच मंडळी गोऱ्यांमध्ये मोजली गेली आणि १९८०मध्ये 'एशियन इंडियन' झाली. म्हणजे जागचं न हलता, एकाच आयुष्यात तीन वंश. १९३०मध्ये तिथे 'मेक्सिकन' नावाचा वंश अवतरला आणि मेक्सिकोच्या सरकारने आक्षेप घेतल्यावर पुढच्या खेपेला नाहीसाही झाला. त्या काळी वंश कोणता हे घरच्यांना विचारायचीही रीत नव्हती, दारात उभा असलेला प्रगणक चेहरा बघून ठरवायचा. दक्षिण आफ्रिकेत १९५०च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याखाली केसांत पेन्सिल खोचून ती अडकते की खाली पडते यावरून माणसाचा गट ठरवल्याची उदाहरणं आहेत. ब्राझीलमध्ये १९७६ साली लोकांना 'तुमचा रंग तुमच्याच शब्दांत सांगा' म्हटलं, तर शंभराहून जास्त शब्द गोळा झाले.

हे सगळं वाचून कुणीही म्हणेल, जी गोष्ट दर दहा वर्षांनी आकार बदलते ती मोजायचा खटाटोप कशाला? युक्तिवाद तगडा आहे. मीही बराच काळ त्याच बाजूचा होतो. माझं मत फिरवलं ते बोटाला लावायच्या एका चिमट्याने.

रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर महासाथीत घराघरांत पोहोचला. तो बोटातून प्रकाश पाठवतो आणि पलीकडे किती पोहोचला यावरून आकडा दाखवतो. त्वचेतलं रंगद्रव्यही प्रकाश शोषतं, हे शाळेतल्या विज्ञानाइतकं साधं. तरी हे यंत्र दशकानुदशकं सर्रास वापरात राहिलं आणि गडद त्वचेच्या रुग्णांत ते किती चुकतं, याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०२० अखेरीस मिशिगनमधल्या डॉक्टरांनी यंत्राचे आकडे आणि रक्ततपासणीचे आकडे शेजारी मांडले. धोकादायकरीत्या घसरलेला ऑक्सिजन यंत्राने 'ठीक' दाखवला, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा घडलं होतं, कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा. रुग्णांच्या कागदावर वंशाचा रकाना होता म्हणून हा फरक सापडला. नसता, तर दोन्ही आकडे एका सरासरीत मिसळले असते आणि यंत्राला चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळाला असता.

त्याच वर्षीची आणखी एक हकिगत तुमच्या खात्याच्या जवळची आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मृत्यूच्या नोंदीत वांशिक गट लिहिला जात नव्हता. करोनाने कोण जास्त मरतंय हे पाहायचं तर मृत्यूच्या नोंदी २०११च्या जनगणनेशी जोडाव्या लागल्या. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने ते केलं आणि मे २०२०मध्ये आकडे छापले: वयाचा फरक हिशेबात धरूनही कृष्णवर्णीयांचा मृत्यूचा धोका गोऱ्यांच्या चौपटीहून जास्त. मग राहणीमान, वस्ती, आधीची तब्येत हे सगळं हिशेबात घेतलं, तर तो साधारण दुपटीवर आला. मला हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. फरकातला मोठा भाग रक्तातून नव्हे, दाटीवाटीची घरं आणि गरिबी यांतून आलेला होता, हे त्यातून दिसलं. वंश विचारल्यामुळेच, वंश हे कारण किती थोडं आहे ते कळलं.

खाडीपलीकडे फ्रान्समध्ये हे करताच येत नव्हतं. तिथे १९७८च्या कायद्याने असा तपशील गोळा करण्यावर कडक बंधनं घातली, आणि २००७ साली, कायदे घटनेत बसतात का ते तपासणाऱ्या तिथल्या घटना परिषदेने सांगितलं की वांशिक मूळ किंवा वंश हा आकडेवारीचा आधार होऊ शकत नाही. जन्माचा देश मात्र विचारता येतो. तेवढ्यावर तिथल्या सांख्यिकी संस्थेने मार्च-एप्रिल २०२०चे मृत्यू आदल्या वर्षीशी ताडून पाहिले. फ्रान्समध्ये जन्मलेल्यांचे मृत्यू २२ टक्क्यांनी वाढले होते, परदेशात जन्मलेल्यांचे ४८ टक्क्यांनी आणि माघ्रेब (मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया हा उत्तरेचा पट्टा) वगळता उरलेल्या आफ्रिकेत जन्मलेल्यांचे ११४ टक्क्यांनी. पण या लोकांची फ्रान्समध्येच जन्मलेली मुलंबाळं? ती 'फ्रान्समध्ये जन्मलेले' या रकान्यात विरघळून गेली. त्यांचं काय झालं ते त्या तक्त्यातून कळायला मार्ग नाही. प्रजासत्ताकाला सगळे सारखे, ही फार देखणी कल्पना आहे. पण सरकारला रंग दिसत नाही म्हणून घरमालकाला किंवा नोकरी देणाऱ्याला तो दिसायचा थांबत नाही.

आता रकान्याच्या बाजूने बोलता बोलता मी त्याचा भाट होऊ नये म्हणून मूत्रपिंडाचंही सांगतो. मूत्रपिंड किती काम करतं ते काढायच्या एका सूत्रात २००९पासून, रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला सुमारे १.१६ने गुणायची पद्धत होती. रक्ताचा अहवाल तोच, पण माणूस कागदावर जास्त धडधाकट. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव जायला कार्यक्षमता ठरावीक आकड्याखाली यावी लागते, त्यामुळे या गुणाकाराने कित्येकांचं नाव उशिरा लागलं. २०२१मध्ये तो काढला गेला आणि २०२३मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांना रुग्णांचे वाया गेलेले प्रतीक्षादिवस परत जमा करायला सांगण्यात आलं. इथे वंश दोष शोधायला वापरला नव्हता, थेट माणसाचा निकाल लावायला वापरला होता. पत्राच्या उरलेल्या भागात मला हाच फरक उलगडायचा आहे.

त्यासाठी नेदरलँड्समध्ये जाऊ. तिथे १९३६पासून प्रत्येक रहिवाशाचं एक कार्ड असे. नाव, पत्ता, जन्म, आणि धर्मही. ही व्यवस्था कुणा राक्षसाने आखलेली नव्हती. नीटनेटकेपणाची हौस असलेल्या, कामाला वाघ अशा अधिकाऱ्यांनी ती शांततेच्या काळात उभी केली होती आणि त्यांना तिचा अभिमान होता. १९४० साली जर्मन सैन्य आलं. पुढच्या वर्षी ज्यूंची सक्तीची नोंदणी झाली, आणि नोंदणी खात्याचा प्रमुख याकोबुस लेंट्झ याने असं ओळखपत्र तयार करून दिलं की त्याची नक्कल करणं महाकठीण. नक्कल साधलीच, तरी कार्यालयातल्या मूळ कार्डाशी ताडून पाहिली की पितळ उघडं. त्या नोंदणीत सुमारे १,४०,००० ज्यूंची नावं आली. त्यांतले लाखाहून अधिक मारले गेले, चारांतले जवळपास तीन. फ्रान्समध्ये हे प्रमाण चारांतला एक होतं. एवढा फरक एकट्या कार्डांमुळे पडला असं इतिहासकार म्हणत नाहीत. भूगोल, तिथला जर्मन अंमल, लपायच्या जागा अशी कारणं बरीच आहेत. पण कार्डांचं महत्त्व कुणी ओळखलं होतं ते २७ मार्च १९४३च्या रात्री दिसलं. ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात पोलिसांच्या वेशात काही माणसं शिरली. त्यांचे म्होरके विलेम अरोंडेउस हा चित्रकार-लेखक आणि खेरिट फान देर फेन हा शिल्पकार. पहारेकऱ्यांना गुंगीचं इंजेक्शन दिलं, खण उपसून कार्डं जमिनीवर पसरली आणि स्फोट केला. अग्निशमन दलाचे लोक मुद्दाम सावकाश आले आणि आल्यावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी मारत राहिले, कार्डांचा लगदा व्हावा म्हणून. तरीही संग्रहाचा मोठा भाग वाचला. अरोंडेउससह बारा जणांना १ जुलै १९४३ रोजी गोळ्या घातल्या गेल्या.

चित्रकारांवर आणि शिल्पकारांवर जीव धोक्यात घालून कार्डं जाळायची पाळी आली, कारण त्याआधी कुणा अधिकाऱ्याने नाव आणि उत्तर एकाच कार्डावर लिहिलं होतं.

तुम्ही म्हणाल, ते परकं सैन्य होतं, आमच्याकडे लोकशाही आहे, गोपनीयतेचा कायदा आहे. अमेरिकेतही होता. जनगणनेतलं उत्तर बाहेर जाणार नाही असा तिथे शब्द दिला जायचा. मार्च १९४२मध्ये युद्धाचं कारण देऊन दुसऱ्या युद्धाधिकार कायद्याने तो शब्द बाजूला ठेवला. सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत हलवताना कुठल्या भागात किती जण राहतात याचे बारीक तक्ते जनगणना खात्याने पुरवले. नावं दिली नाहीत, असं पुढे कित्येक वर्षं सांगितलं जात होतं. २००० साली खात्याच्या प्रमुखांनी माफी मागितली. मग २००७मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की १९४३मध्ये वॉशिंग्टनमधल्या जपानी वंशाच्या रहिवाशांची नावानिशी माहितीही सीक्रेट सर्व्हिसच्या हाती गेली होती. रुआंडाबद्दल फार लिहीत नाही. बेल्जियनांनी १९३०च्या दशकात ओळखपत्रावर हुतू किंवा तुत्सी छापलं, आणि १९९४मध्ये तुत्सींच्या हत्याकांडात रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच पत्र मागितलं गेलं.

म्हणून विचारूच नका? तसं केलं तरी सुटका नाही. म्यानमारने २०१४च्या जनगणनेत 'रोहिंग्या' असं उत्तर लिहून घ्यायला नकार दिला. हे लोक राहतात त्या रखाईन प्रांतात दारोदार गेलेले प्रगणक तो शब्द कानावर पडला की अर्ज मिटून पुढे चालायला लागत. सुमारे १०,९०,००० माणसं मोजल्यावाचून राहिली असा अंदाज त्या अहवालातच आहे. तीन वर्षांनी त्यांच्यातले सात लाखांहून जास्त लोक सीमेपलीकडे हाकलले गेले, तेव्हा कागदोपत्री ते त्या देशात नव्हतेच. आणि दक्षिण आफ्रिकेने काय केलं पाहा. १९९१मध्ये तो नोंदणीचा कायदा रद्द झाला, पण १९९६च्या जनगणनेत गटाचा प्रश्न राहिला. पेन्सिल गेली, ज्याचं त्याने सांगायचं असं ठरलं. त्या रकान्याने ज्यांचं आयुष्य नासवलं होतं, त्यांच्याच सरकारने तो ठेवला, कारण नासाडी किती झाली आणि भरून किती आली हे त्यांना बघायचं होतं.

तेव्हा माझी मागणी एकेरी वाहतुकीची आहे. सांख्यिकी कार्यालयात माहिती चहूकडून येऊ द्या. रुग्णालयातून, मृत्यूच्या नोंदीतून, शाळांतून. आत नावं जोडा, हवे ते हिशेब करा, इंग्लंडमध्ये केले तसे. बाहेर मात्र बेरजाच पडू द्या, आणि त्याही इतक्या लहान गल्लीच्या नकोत की तिथलं एकमेव घर ओळखू यावं. पोलीस, करखातं, परदेशी नागरिकांचं खातं, यांच्याकडे जाणारा दरवाजा भिंतीतच नको. यात नवं काही सांगतोय असं नाही. पश्चिम जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १५ डिसेंबर १९८३ रोजी नेमकं हेच म्हटलं: जनगणनेतली उत्तरं नगरपालिकांच्या नोंदवह्या दुरुस्त करायला वापरायची तरतूद त्यांनी रद्द केली. मोजणीला त्यांची ना नव्हती. दुरुस्त कायद्यानिशी ती १९८७मध्ये झाली.

हा दरवाजा किती सहज फुटतो याचं ताजं उदाहरण पुन्हा नेदरलँड्सचंच आहे, आणि ज्या देशात ती कार्डं जाळली गेली तिथे हे घडावं याचं मला अजून नवल वाटतं. बालसंगोपनाच्या अनुदानात लबाडी शोधताना तिथल्या करखात्याने अर्जदाराचं नागरिकत्व जोखमीची खूण म्हणून वापरलं. हजारो कुटुंबं खोटी ठरून कर्जात बुडाली. जानेवारी २०२१मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पुढे माहिती संरक्षण प्राधिकरणाने २७,५०,००० युरो दंड ठोठावला, तेव्हा एक तपशील समोर आला: डच नागरिकांच्या दुसऱ्या नागरिकत्वाची जी नोंद जानेवारी २०१४मध्येच पुसायला हवी होती, ती मे २०१८मध्ये १४ लाख लोकांच्या नावापुढे तशीच पडून होती. कार्यालयात काम केलेल्या कुणालाही यात आश्चर्य वाटणार नाही. नोंद करायला माणूस नेमतात, खोडायला नेमत नाहीत. तुम्ही नेमा. नाव आणि उत्तर कोणत्या तारखेला वेगळं होणार, मूळ नोंद कधी नष्ट होणार, त्या दिवशी सही कोण करणार, हे जनगणनेच्या आधीच राजपत्रात येऊ द्या.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. उत्तर ज्याचं त्याने द्यावं. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने १९९०मध्येच तसं सांगून ठेवलंय. एकाहून जास्त चौकोनांत खूण करता यावी, रकाना कोरा सोडला तर दंड नको, आणि 'इतर'च्या रेघेवर लिहिलेलं कुणा घाईतल्या कारकुनाने आडनाव बघून ढकलू नये. आणि मागच्या वेळी हा प्रश्न विचारला असेल, तर त्या उत्तरांचं काय केलंत ते एका पानावर सांगा. कोणतं यंत्र बदललं, कोणत्या वस्तीत दवाखाना निघाला. सांगण्यासारखं काही नसेल, तर यंदा तो प्रश्न गाळा. केवळ कुतूहल म्हणून कुणाचा वंश विचारायचा सरकारला हक्क नाही.

शेवटचं, आणि मला सर्वांत निकडीचं वाटणारं. तुमच्या अर्जावर तळाला बारीक अक्षरात छापलेलं असतं की ही माहिती गोपनीय राहील. त्याच्याच खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, युद्ध किंवा आणीबाणी आली तरी हे कलम स्थगित करता येणार नाही असं सांगणारं कायद्याचं कलम क्रमांकासह छापा. तसं कलम तुमच्या कायद्यात नसेल, तर तेही छापा: 'आणीबाणीत ही माहिती मागेल त्याला देता येईल.' मग रेघेवर काय लिहायचं, की रेघ कोरीच सोडायची, ते पेन हातात असलेला माणूस बघून घेईल.

कळावे,

आपला,
अर्ज तपासणारा एक जुना कारकून